डब्यावरची बुद्धी

बाळाच्या वरच्या दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा ही विज्ञानाच्या तासाला आणण्याजोगी वस्तू आहे. नववीच्या वर्गात आम्ही तो एकदा हातोहात फिरवला आणि मागच्या बाजूची यादी एका मुलाला मोठ्याने वाचायला सांगितली. प्रथिने, मेद, कर्बोदके, कॅल्शियम, लोह, जस्त, आयोडीन, मग जीवनसत्त्वांची लांबलचक रांग आणि अगदी शेवटी पाठ्यपुस्तकात कोठेही न भेटणारी नावे : डीएचए, एआरए, न्यूक्लिओटाइड, टॉरीन, कोलीन. वाचणाऱ्याची जीभ अडखळली, वर्ग हसला. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ज्या डब्यावर जास्त नावे तो डबा जास्त चांगला ना?"

उत्तर देताना आमची तारांबळ उडाली. ‘हो’ म्हणावे तर ते खरे नव्हते आणि ‘नाही’ म्हणावे तर का नाही ते सांगण्याइतकी तयारी नव्हती. औषधांच्या दुकानात दोन डबे हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाचाही हाच प्रश्न असतो. डबा बनवणाऱ्याला तर हा प्रश्न पडायलाच हवा असतो, कारण त्याचे ‘हो’ हे उत्तर डब्याच्या किमतीत धरलेले असते. म्हणून हा दावा जरा नीट तपासून पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध पुरते, याबद्दल वाद नाही. पण आई दगावलेली असते, गंभीर आजारी असते, बाळ दत्तक घेतलेले असते. अशा घरांना डब्याच्या दुधावाचून गत्यंतर नसते. त्या दुधाला नावे ठेवणे हा येथे हेतू नाही. त्यात जे वरून घातले जाते आणि त्याच्या नावाने जे सांगितले जाते, त्याची ही तपासणी आहे.

यादीतील सर्व नावे एका जातीची नाहीत. काही घटक असे आहेत की ते कमी पडले तर बाळ आजारी पडते, आणि हे आपल्याला फार महाग पडून कळलेले आहे. १९५०च्या सुमारास अमेरिकेत काही तान्ह्या बाळांना एकाएकी झटके येऊ लागले. ती सर्व एका विशिष्ट डबाबंद दुधावर वाढत होती. निर्जंतुक करताना दिलेल्या उष्णतेने त्या दुधातले ब-६ जीवनसत्त्व नष्ट होत होते. ते जीवनसत्त्व दिल्यावर झटके थांबले. पुढे १९७८-७९ मध्ये तेथेच सोयाबीनपासून बनवलेल्या एका दुधात क्लोराइड फार कमी पडले. बाळांची भूक गेली, वजन वाढेना, रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल बिघडला. आपण ज्याला साधे मीठ म्हणतो त्यातला हा अर्धा भाग! या प्रकरणानंतर १९८० साली अमेरिकेने अर्भकांच्या दुधासाठी स्वतंत्र कायदा केला. तरी २००३ मध्ये इस्रायलमध्ये असेच पुन्हा घडले. त्या वेळी सोयाबीनच्या दुधात ब-१ जीवनसत्त्व नव्हते. काही बाळे दगावली, वाचलेल्यांपैकी काहींना कायमची इजा झाली.

मोठ्या माणसाला भाकरीत जे मिळत नाही ते भाजीत मिळते, भाजीत नसले तर ताकात मिळते. तान्ह्या बाळाच्या ताटात एकच पदार्थ असतो. त्यातला एक घटक हुकला की तो भरून काढायला दुसरी वाट नाही. म्हणून यादीचा पहिला, लांब आणि कंटाळवाणा भाग हा खरोखर विज्ञानाचा विजय आहे. त्याबद्दल जाहिरात कोणी करीत नाही, कारण तो सगळ्याच डब्यांत कायद्याने असावाच लागतो.

जाहिरात होते ती शेवटच्या चार-दोन नावांची. येथे एक उडी मारलेली असते. ‘अमुक कमी पडले तर बाळाचे नुकसान होते’ या वाक्यावरून ‘अमुक वरून घातले तर बाळ अधिक हुशार होते’ या वाक्यावर. कुंडीतल्या रोपाला पाणी घातले नाही तर ते सुकते, हे खरे. दोन बादल्या घातल्या तर ते दुप्पट वाढत नाही, हेही प्रत्येक मुलाला ठाऊक असते. डब्याच्या बाबतीत मात्र मोठी माणसेही हे विसरतात.

डीएचएचेच उदाहरण घेऊ. डोकोसाहेक्झिनोइक आम्ल हे त्याचे पूर्ण नाव. बावीस कार्बन अणूंची साखळी आणि तीत सहा दुहेरी बंध असलेले हे मेदाम्ल आहे. मेंदूतील पेशींच्या आवरणात आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात ते भरपूर असते. आईच्या दुधात ते असते. वनस्पती तेले वापरून बनवलेल्या पावडरीत ते मुळात नसते. त्यात पाहणीत असे दिसत होते की आईच्या दुधावर वाढलेली मुले बुद्धिमापनाच्या चाचण्यांत सरासरीने थोडी पुढे असतात. मग तर्क सरळ झाला : मेंदूत डीएचए आहे, आईच्या दुधात डीएचए आहे, त्या दुधावरची मुले पुढे आहेत; तेव्हा पावडरीत डीएचए घाला.

यातले एकेक विधान बरोबर आहे. पण ती एकापुढे एक मांडली म्हणजे सिद्धता होत नाही. पाश्चात्त्य देशांत जास्त काळ अंगावर पाजणाऱ्या माता सरासरीने अधिक शिकलेल्या आणि सुस्थितीतल्या असतात. मुलांच्या गुणांतला फरक दुधामुळे की घरामुळे, हे नुसत्या पाहणीवरून ठरत नाही. शिवाय जवस, सोयाबीन, मोहरी यांच्या तेलांतील एका मेदाम्लापासून शरीर स्वतःही थोडे डीएचए तयार करते. आणि आईच्या दुधात तरी ते ठरावीक कोठे असते? मासळी खाणाऱ्या मातांच्या दुधात ते जास्त, इतरांच्या दुधात कमी. सारांश, तर्क चांगला होता, पण तो प्रयोगाला सुरुवात करण्यापुरता.

प्रयोग झाले. अमेरिकेत डॅलस येथे झालेला, २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार गाजला. त्यात ५६ बाळे होती. डीएचए आणि एआरए ही दोन्ही मेदाम्ले घातलेले दूध सतरा आठवडे घेतलेली बाळे दीड वर्षाची झाल्यावर विकासाच्या चाचणीत साध्या दुधावरच्या बाळांपेक्षा सरासरी सात गुणांनी पुढे निघाली. २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या मेदाम्लांना हरकत घेतली नाही आणि २००२ पासून असे दूध तेथे बाजारात आले. हे डीएचए माशांपासून नव्हे, एका समुद्री शैवालापासून काढलेले होते. अंतराळवीरांना अन्न आणि प्राणवायू पुरवता येईल का, या शोधासाठी चाललेल्या शैवालांच्या संशोधनातून तो उद्योग उभा राहिला. अंतराळासाठी काढलेली वाट बाळाच्या बाटलीपर्यंत यावी, ही गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे.

पण ५६ बाळे म्हणजे किती, याचा अंदाज शिक्षकांना सहज यावा. एका वर्गाचा पट. दोन तुकड्यांच्या सहामाहीच्या सरासरीत सात गुणांचा फरक पडला म्हणून आपण एका तुकडीच्या डब्यातली भाजी तपासायला जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दीड वर्षाच्या बाळाची चाचणी. ठोकळे रचता येतात का, सांगितलेली वस्तू दाखवता येते का, अशा गोष्टी तीत पाहतात. त्या वयातील वाढ तीत कळते, पण त्यावरून पुढच्या बुद्धीचे भाकीत फारसे करता येत नाही. चालायला उशीर झालेली मुले पुढे पहिली आलेली आपण पाहिलेली आहेत.

नंतर इतर ठिकाणी असेच प्रयोग झाले आणि निकाल कधी असे, कधी तसे येत राहिले. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतीने पूर्ण दिवसांच्या बाळांवरील पंधरा प्रयोगांचा, एकूण १,८८९ बाळांचा एकत्र आढावा घेण्यात आला. दृष्टी, बौद्धिक विकास, शारीरिक वाढ यांपैकी कशातही सातत्याने फायदा आढळला नाही. नुकसानही आढळले नाही. नेहमीची पद्धत म्हणून ही मेदाम्ले घालण्याची शिफारस करता येत नाही, असे आढावाकारांनी लिहिले.

आमच्या मते या सर्व संशोधनात शिक्षकांनी आवर्जून वाचावा असा अभ्यास २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. १९९३ ते २००१ या काळात इंग्लंडमधील रुग्णालयांत निरनिराळ्या सुधारित दुधांचे सात प्रयोग झाले होते. कोणत्यात जास्त पोषक घटक, कोणत्यात लांब साखळीची मेदाम्ले, कोणत्यात जास्त लोह, कोणत्यात न्यूक्लिओटाइड. कोणत्या बाळाला कोणते दूध हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवलेले होते, त्यामुळे आईचे शिक्षण, घरची स्थिती हे सारे दोन्ही गटांत सारखेच वाटले गेले. पुढे हे प्रयोग झोपी गेले. पत्ते बदलले, पालक येईनासे झाले.

लंडनच्या संशोधकांनी ते जागे केले, तेही एकाही मुलाला न बोलावता. इंग्लंडमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या सरकारी परीक्षांचे गुण एका राष्ट्रीय नोंदवहीत साठवलेले असतात. प्रयोगांच्या जुन्या याद्या, ओळख झाकून, या नोंदवहीशी जोडण्यात आल्या. १,७६३ जणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचे गुण सापडले. पालकांना पत्रे पाठवून एवढी मुले कधीच जमली नसती. आणि जी जमली असती ती बहुधा हौशी, सुशिक्षित घरांतली असती. आपण जूनपासून एप्रिलपर्यंत कुरकुरत भरतो ते गुणांचे तक्ते अशा कामाला येऊ शकतात, हे वाचून आम्हांला तरी बरे वाटले.

निकाल काय लागला? सोळाव्या वर्षी होणाऱ्या, आपल्या दहावीच्या तोलाच्या परीक्षेत, गणितात एकाही सुधारित दुधाचा फायदा दिसला नाही. आणि लांब साखळीची मेदाम्ले घातलेले दूध प्यालेली मुले अकराव्या वर्षाच्या परीक्षेत इंग्रजी व गणित या दोन्ही विषयांत साध्या दुधावरच्या मुलांपेक्षा थोडी मागेच होती.

हे वाचल्यावर ‘डीएचएने मुले ढ होतात’ असा मथळा सुचणे सोपे आहे. तो देऊ नये. सात प्रयोग, दोन-तीन विषय, दोन वयोगट अशा अनेक तुलना केल्या की एखादी केवळ योगायोगानेही डोके वर काढते. शिवाय त्या काळी ही मेदाम्ले आजच्याहून वेगळ्या स्रोतांतून घेत. परीक्षेचे गुण म्हणजे बुद्धी नव्हे, ही हरकतही आहेच, आणि ती घ्यायचा हक्क आपल्याइतका कोणालाच नाही. पण एक गोष्ट या हरकतींनंतरही उभी राहते. डब्यावरचा दावा खरा असता तर सात प्रयोगांपैकी एका तरी ठिकाणी, एका तरी परीक्षेत त्याची खूण फायद्याच्या बाजूला उमटायला हवी होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून बाळाला डीएचएचा मोठा साठा मिळतो. एकोणतिसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्या बाळाला तो मिळतच नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूर येथे अशा बाळांना रुग्णालयातच डीएचए जास्त मात्रेत दिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यंक तुलनागटापेक्षा सुमारे साडेतीन गुणांनी जास्त भरला. येथे खरी उणीव होती, ती भरली, फरक पडला. मात्र त्याच प्रयोगाच्या २०१७च्या अहवालात या उपचाराने फुप्फुसांचा एक आजार कमी होण्याऐवजी कदाचित वाढला असावा, असे आढळले होते. म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांच्या बाबतीतही हिशोब एका बाजूचा नाही. आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डब्यावर या बाळांचा पुरावा चिकटवणे तर सरळ चूक आहे. युरोपीय संघाने २०२० पासून सर्व अर्भक-दुधात डीएचए सक्तीचे केले आहे. आईच्या दुधाशी शक्य तितके साम्य ठेवण्याचा नियम म्हणून ते समजू शकते. पण नियमाने सक्ती झाली म्हणून बुद्धी वाढल्याचा पुरावा निर्माण होत नाही.

लोहाची गोष्ट याहूनही विचार करायला लावणारी आहे. लोह कमी पडले तर रक्तक्षय होतो आणि मेंदूच्या वाढीवरही परिणाम होतो, यात शंका नाही. चिलीमध्ये १९९०च्या दशकात सहा महिन्यांच्या निरोगी बाळांना वर्षाची होईपर्यंत दोन प्रकारचे दूध देण्यात आले. एकात लिटरमागे १२.७ मिलिग्रॅम लोह, दुसऱ्यात २.३ मिलिग्रॅम. दहाव्या वर्षी त्यांतील ४७३ मुलांची तपासणी झाली, तेव्हा जास्त लोहाचा गट पुढे नव्हता; काही चाचण्यांत मागेच होता. खरे गुपित सरासरीच्या आत दडलेले होते. सहाव्या महिन्यात ज्यांचे हिमोग्लोबिन कमी होते त्यांना जास्त लोहाचा फायदा झाला. ज्यांचे आधीच चांगले होते त्यांचे मात्र गुण काही चाचण्यांत दहा-दहांनी घसरले. अशी मुले थोडीच होती, म्हणून आकडा जपून घ्यावा; पण जो घटक एकाला तारतो तोच दुसऱ्याला जादा होऊ शकतो, हे या प्रयोगाइतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण आम्हांला दुसरे ठाऊक नाही. आपल्या देशात याचा अर्थ लोह बंद करा असा मुळीच होत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. डॉक्टरांनी सांगितलेले लोहाचे थेंब घरात कोणी या लेखाच्या आधारे थांबवू नयेत.

प्रथिनांबद्दल थोडक्यात. पूर्वी गुबगुबीत बाळ म्हणजे निरोगी बाळ असे मानत, अजूनही मानतात. पाच युरोपीय देशांत काही बाळांना पहिल्या वर्षात जास्त प्रथिनांचे आणि काहींना कमी प्रथिनांचे दूध देऊन पाहिले. दोन्ही दुधे त्या वेळच्या नियमांत बसणारी होती. उंची सारखीच राहिली, वजन मात्र जास्त प्रथिनांच्या गटात अधिक वाढले. सहाव्या वर्षी त्या गटात लठ्ठ मुले १० टक्के निघाली. दुसऱ्या गटात ४.४ टक्के. पहिल्या वर्षी वजनकाट्यावर जे यश वाटले ते पहिलीच्या वर्गात पोहोचेपर्यंत तक्रार होऊन बसले.

इतके सगळे प्रयोग छापून आलेले असताना दाव्यांची स्थिती काय आहे? २०२३ साली भारतासह पंधरा देशांतील अर्भक-दुधांच्या दाव्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. दावा करणारी ६०८ उत्पादने होती. त्यांतील ५३ टक्के उत्पादने मेंदू, डोळे किंवा मज्जासंस्थेच्या विकासाला मदत करतो असे सांगत होती. दाव्याला आधार म्हणून एखादा तरी शास्त्रीय संदर्भ दिला होता तो केवळ २६ टक्क्यांनी, आणि दिलेल्या संदर्भांतही काटेकोर प्रयोग फार थोडे होते. परीक्षेत उत्तर लिहून ‘कारण’ न लिहिणाऱ्याला आपण किती गुण देतो?

आपल्याकडे १९९२चा कायदा या बाबतीत बराच कडक आहे. अर्भकांच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापता येत नाही, आईचे दूधच उत्तम ही सूचना छापावीच लागते. म्हणूनच आपला डबा समोरून गरीब दिसतो. पण घटकांच्या यादीत एक नवे नाव वाढले की त्याच्या शेजारी किमतीचा आकडाही वाढतो, आणि ते नाव म्हणजे काय हे दुकानदार तोंडी सांगतोच.

ज्या घराला डबा घ्यावाच लागतो तेथे या किमतीचा एक परिणाम आम्ही पाहिला आहे. महाग डबा पुरवून पुरवून वापरला जातो. समजा, सूचना आहे की तीस मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्याला मापाचा एक सपाट चमचा. डबा महिनाअखेरपर्यंत जावा म्हणून आजी साठ मिलिलिटरला एक घालते. मग त्या बाटलीत डीएचए निम्मे, तसेच प्रथिने निम्मी, लोह निम्मे, कॅलरी निम्म्या. बाटली मात्र पांढरी आणि भरलेली दिसते. वर्गात हे प्रमाणाचे गणित म्हणून घालता येते. आम्ही ते घातले, तेव्हा मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने विचारले की स्वस्तातला डबा घेऊन चमचा पुरता घातला तर? नियमाप्रमाणे आवश्यक घटक स्वस्त डब्यातही असावेच लागतात, एवढे सांगून आम्ही त्याला फळ्यावर दोन्ही बाटल्यांचा हिशोब मांडायला बोलावले.